दाभण, सुतळी आणि अंदमान

पोर्ट ब्लेअरच्या अ‍ॅबर्डीन बाजारातल्या लॉजवर, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून मी पार्सल बांधायला बसले तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. समोर अर्धा किलो काळी मिरी, पाव किलो दालचिनी, जायफळांची पुडी, खोबरेल तेलाची अर्ध्या लिटरची बाटली, पडौकच्या लाकडाची एक छोटी डबी आणि माझा दाभण. कुठेही लांबच्या प्रवासाला निघाले की दाभण, सुतळीचा गुंडा आणि दोन मीटर मांजरपाट मी बॅगेच्या तळाशी टाकते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका पोस्टात 31 वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी पार्सलच्या खिडकीवर. ती सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

पलंगावरून वन्सं बघत होत्या. शेवटी त्यांना राहवेना. “वहिनी, नारळाचं तेल, मिरी, जायफळ... आपल्याच परसातलं सगळं. हे घेऊन जायला इतक्या लांब यायचं?”

प्रश्न रास्त होता. अंदमानातल्या बागा पाहताना मलाही सारखी भाट्याची आठवण येत होती. रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रानं ‘लाखी बाग’ नावाची पद्धत कोकणात रुजवली. माडांच्या मधल्या जागेत जायफळ, दालचिनी, माडावर चढवलेली मिरी, खाली केळी आणि अननस. अंदमानातही माड आणि पोफळींच्या सावलीत हीच झाडं. पण पाऊस तिथे वर्षाला 3,000 मिलीमीटरच्या आसपास आणि तोही दोन्ही मोसमी वाऱ्यांचा, वर्षातले बरेच महिने पुरणारा. त्या पावसातली मिरी माझ्या सारात कशी लागते हे मला बघायचं होतं. शिवाय ज्या बाईकडून ती घेतली तिनं मूठभर दाणे माझ्या तळहातावर ओतून आधी वास घ्यायला लावला होता. पुढे ती मिरी दळताना मला तिचा चेहरा आठवणार. बाजारातल्या पुडीतून तो येत नाही.

मात्र घ्यावंसं वाटणं वेगळं आणि ती वस्तू धड घरी पोहोचणं वेगळं. माझ्या खिडकीवर 31 वर्षांत फणसपोळी, आमसुलं, कुळथाचं पीठ, आंबावडी, सांडगे, मुंबईला राहणाऱ्या नातवासाठी लाकडी भिंगरी, असं काय काय आलं. त्यातून मी एकच शिकले: प्रत्येक वस्तूला स्वभाव असतो आणि पार्सल त्या स्वभावाप्रमाणे बांधायचं असतं. कुणाला घाम येतो, कुणी श्वास घेतं, कुणी तापतं, कुणी शेजाऱ्याचा वास उचलतं. आमसुलं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट कोंडली की दोन दिवसांत पाणी सोडतात. एकदा एका गृहस्थांनी आमरसाच्या काचेच्या बाटल्या नुसत्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यात घातल्या होत्या, वर ‘पुस्तकं’ असं लिहून. पोत्यातच बाटली फुटली. त्या पोत्यातलं एक लग्नाच्या पत्रिकांचं पुडकं रसानं भिजून चिकटलं. त्या पत्रिका एकेक सोडवून, पुसून, पंख्याखाली वाळत घातलेल्या मला अजून दिसतात. चूक एकाची, आणि लग्न दुसऱ्याच्या घरचं.

तेव्हा अंदमानला जाऊन काही आणणार असाल, तर आधी नारळाचा स्वभाव ओळखा. कारण तिथून परतणाऱ्या माणसाच्या बॅगेत नारळ कुठल्या ना कुठल्या रूपात असतोच.

सुकं खोबरं, म्हणजे खोबऱ्याची वाटी, विमानात चालत नाही. सामान तपासताना ती बाहेर काढायला लावतात आणि लोक चिडतात, “अहो, खोबरं आहे, बॉम्ब नाही.” पण ज्यांनी माळ्यावर खोबऱ्याची रास पाहिली आहे त्यांना हे सहज पटेल. आजोळी माळ्यावर खोबरं साठवत. नीट न वाळलेल्या राशीत हात खुपसला तर आत ऊब लागायची. ताज्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं. वाळवून ते सहा टक्क्यांच्या आसपास आणतात, आणि मग उरतं त्यात साठ टक्क्यांहून अधिक तेल. हे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग पावताना उष्णता बाहेर पडते. ओल राहिली असेल तर बुरशी आणि जिवाणू त्यात भर घालतात. रास मोठी आणि कोंडलेली असेल तर उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही, ती साठत जाते. म्हणून मालवाहतुकीच्या जागतिक नियमांत खोबरं ‘आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या’ पदार्थांच्या वर्गात आहे आणि त्याला 1363 हा क्रमांकही दिलेला आहे. जहाजांच्या कोठारांत खोबऱ्यानं पेट घेतल्याच्या अनुभवातून हे शहाणपण आलं आहे.

अख्खा, पाण्याचा नारळ मात्र या वर्गात येत नाही. तो सामानात देता येतो, पण केबिनमध्ये हातात नेता येत नाही. 2024च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंना इरुमुडीतला, म्हणजे पूजेच्या गाठोड्यातला, नारळ केबिनमध्ये नेण्याची काही महिन्यांपुरती खास परवानगी दिली, तेव्हा कितीतरी लोकांना पहिल्यांदा कळलं की एरवी तशी मुभा नसते. लोणच्याचंही तसंच, केबिनमध्ये नको, सामानात द्या. आणि सामान म्हणजे देशांतर्गत विमानात साधारण 15 किलो. परतीच्या ओल्या टॉवेलांनी आणि वाळूनं भरलेल्या चपलांनीच त्यातलं बरंच खाल्लेलं असतं. माझं म्हणणं असं, की कपडे आपल्याबरोबर न्यावेत आणि बेटावरून घेतलेल्या वस्तू पोस्टानं पाठवाव्यात. देशात दीड लाखाहून जास्त टपाल कचेऱ्या आहेत. माझ्या माहेरच्या वाडीत आजही खासगी कुरियरवाला येत नाही, पोस्टमन येतो.

आता तेल. पोस्टात द्रव पदार्थ पाठवायचा तर जुना, जगभरचा नियम आहे: आतलं भांडं पूर्ण गळतीबंद, ते एका कडक खोक्यात, आणि दोन्हींच्या मध्ये, भांडं फुटलंच तर सगळा द्रव शोषून घेईल इतका भुसा, कापूस किंवा तसलं काही. यातला तिसरा भाग लोक विसरतात. बुडबुड्यांचं प्लास्टिक गुंडाळलं म्हणजे झालं असं त्यांना वाटतं. ते धक्का झेलतं, पण तेलाचा थेंबही पीत नाही.

त्या रात्री मी काय केलं ते सांगते. बाटलीचं बूच काढलं, तोंडावर प्लास्टिकचा तुकडा ताणून बसवला आणि त्यावर बूच घट्ट फिरवलं. बाटली काठोकाठ भरलेली नव्हती हे बरं, कारण उन्हात तेल फुगतं आणि त्याला वर चार बोटं जागा लागते. बाटली उलटी करून दहा मिनिटं वर्तमानपत्रावर धरून ठेवली. कागदावर डाग नाही. मग ती झाकणाच्या स्टीलच्या डब्यात उभी ठेवून भोवती एक जुनी सुती चादर फाडून ठासून भरली. डबा हलवला तर आवाज येता कामा नये. आवाज आला म्हणजे आत वस्तूला पळायला जागा आहे, आणि पळणारी वस्तू फुटते. तो डबा खोक्याच्या मध्यभागी, कडेला नाही. चारी बाजूंनी मसाल्याच्या पुड्या.

दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी डबा उघडून दाखवायला सांगितला. मी दाखवला. त्यांनी चादर दाबून पाहिली, आणि बंगाली वळणाच्या हिंदीत विचारलं, “दीदी, आपण पोस्टातल्या का?” मला फार बरं वाटलं. पण लक्षात ठेवा, द्रव स्वीकारायचा की नाही हे खिडकीवरचा माणूस वाहतुकीचा मार्ग बघून ठरवतो. बेटावरची डाक विमानानं जाते, त्यामुळे तिथे काटेकोरपणा जास्त असतो आणि तो असायलाच हवा. नाही म्हटलं तर वाद घालू नका, बाटली आपल्या सामानात घाला. म्हणून खोका आधीच चिकटवून नेऊ नये. उघडा न्यावा आणि खिडकीसमोर बंद करावा.

मसाल्याचा स्वभाव वेगळा. मिरी, दालचिनी, जायफळ फुटत नाहीत, गळत नाहीत, पण दमट हवा पितात आणि सुगंध सोडतात. बेटावरची हवा इतकी ओली की संध्याकाळी पुडीतलं मीठ ओलं होतं. मी मिरी सकाळच्या उन्हात लॉजच्या गच्चीवर दोन तास पसरली, गार होऊ दिली, आणि मगच पिशवीत भरली. गरम असताना भरली असती तर पिशवीच्या आत थेंब धरले असते आणि रत्नागिरीला पोहोचेपर्यंत बुरशी. जायफळ आणि दालचिनी वेगळ्या पिशव्यांत, नाहीतर एकमेकांचे वास उचलतात. पूड कधीच घेऊ नये. अख्खं घ्यावं आणि घरी कुटावं.

सुकी मासळी वन्संना न्यायची होती. मी कोकणातली, सुकट-बोंबलांवर वाढलेली, पण पोस्टानं सुकी मासळी पाठवायला माझा विरोध आहे. त्या पोत्यात दुसऱ्या कुणाची तरी साडी असते, कुणाची पुस्तकं असतात. तो वास त्यांच्या घरी जातो.

तेलाची बाटली घेतली त्याच दिवशी आम्ही सेल्युलर जेल पाहिलं होतं. 1896 ते 1906 या काळात बांधलेलं, सात शाखांचं, त्यातल्या आता तीन उभ्या आहेत. अंगणात कोलू ठेवला आहे. बैलाच्या जागी माणूस जुंपून खोबऱ्याचं तेल काढायचं, दिवसाला 30 पौंड. नाहीतर नारळाची सोडणं कुटून काथ्या काढायचा. तेल आणि काथ्या, म्हणजे आज बाजारात आपण हौसेनं घेतो त्याच दोन वस्तू. सावरकर 1911 साली तिथे आले आणि दहा वर्षं राहिले. पुढे 1924 ते 1937 आमच्या रत्नागिरीत स्थानबद्ध होते, त्यामुळे आमच्या घरांतून त्यांचं नाव लहानपणापासून कानावर पडलेलं. पण मला पोस्टातल्या बाईला त्या कोठडीसमोर सर्वांत लागलं ते हे, की कैद्याला वर्षातून एक पत्र घरी पाठवायची मुभा होती. एक. आयुष्यभर मी दिवसाला शेकडो पत्रं हाताखालून घातली. त्या बेटावरून घरी जाणाऱ्या टपालाचं मोल काय होतं, याचा विचार त्या दिवशी पहिल्यांदा केला. रात्री बाटलीचं बूच फिरवताना माझे हात जरा सावकाश चालत होते.

आता ज्याबद्दल मला सर्वांत कळकळीनं सांगायचं आहे त्याकडे येते.

शहीद द्वीप, म्हणजे पूर्वीचं नील बेट, तिथल्या किनाऱ्यावर ओहोटीला आम्ही चालत होतो. आमच्याच गटातल्या एका मुलीनं, असेल सातवी-आठवीतली, ओंजळभर पांढरे तुकडे गोळा केले होते. “आजी, हे बघा, दगडाची फुलं.” तिच्या हातातला एक तुकडा मी डोळ्यांजवळ धरला. बोटाएवढा, हाडासारखा पांढरा. पृष्ठभागावर बारीक बारीक खळगे, आणि प्रत्येक खळग्यात ताऱ्यासारख्या रेघा, मध्याकडे जाणाऱ्या. एकेक खळगा म्हणजे एकेका जिवाचं घर. मऊ अंगाचा, भाताच्या दाण्याएवढा प्राणी समुद्राच्या पाण्यातून चुना घेऊन स्वतःभोवती ती वाटी बांधतो, मरतो, आणि पुढचा त्याच्यावर बांधतो. बोटाएवढ्या त्या तुकड्यात अशी शेकडो घरं. मी तिला चष्मा दिला, भिंगासारखा धरून बघायला. ती बराच वेळ बघत राहिली.

हे प्रवाळ घरी आणता येत नाही. जिवंत तर नाहीच, किनाऱ्यावर वाहून आलेलं मेलेलंही नाही. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत 2001 साली प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि काही जातींचे शंख-शिंपले घालण्यात आले. पहिल्या अनुसूचीतल्या जिवाबद्दल गुन्हा सिद्ध झाला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. विमानतळावर क्ष-किरणांच्या पडद्यावर ते तुकडे स्पष्ट दिसतात आणि काढून घेतले जातात. पोस्टात घालून पाठवू असंही कुणी मनात आणू नये. गुन्हा तोच राहतो आणि वर पाठवणाऱ्याचं नाव-पत्ता पार्सलवर आपल्याच अक्षरात असतो.

लोक म्हणतात, मेलेल्या तुकड्यानं काय बिघडतं? बिघडतं. हेच तुकडे झिजून त्या किनाऱ्याची वाळू होते. नवं प्रवाळ रुजायला त्याच तुकड्यांचा आधार लागतो. रिकामा शंखही रिकामा नसतो. दुसऱ्याच्या शंखात राहणारा एक खेकडा असतो, त्याचं पोट मऊ, उघडं. अंग वाढलं की त्याला मोठा शंख शोधावा लागतो आणि मिळाला नाही तर तो उघड्या पोटानं पक्ष्यांच्या तावडीत सापडतो. आणि तुतारीसारखा लांब, तपकिरी नक्षीचा तो मोठा शंख, ज्याला ट्रायटन म्हणतात, त्यातला प्राणी काटेरी तारामाशाला खातो. तोच तारामासा प्रवाळ फस्त करत जातो. म्हणजे दिवाणखान्यात शोभेसाठी एक शंख आणला की तिकडे प्रवाळाचा एक राखणदार कमी.

शंख-शिंपल्यांची वस्तू घ्यायचीच असेल तर सरकारी ‘सागरिका’ एम्पोरियममधून किंवा परवानाधारक दुकानातून, आणि बिल घेऊन. बिल वस्तूबरोबर ठेवायचं, फेकायचं नाही. मोत्यांचा दागिना असेल तर पार्सलचा विमा उतरवावा. बाकी तिथल्या रस्त्यावर जारवा आदिवासींकडून काही घेणं किंवा त्यांना काही देणं हा कायद्यानं गुन्हा आहे, त्यात आठवणीची वस्तू म्हणून मिरवावं असं काही नाही.

ती मुलगी शेवटी पाण्यापर्यंत गेली आणि एकेक तुकडा ठेवून आली. टाकून नाही, वाकून ठेवून.

लाकडाबद्दल थोडक्यात. पडौक हे अंदमानचं लालसर, जड, सुरेख लाकूड. 1883 सालची चॅथमची लाकूड गिरणी पाहिली तर त्याचे ओंडके दिसतात आणि शेजारच्या संग्रहालयात कोरीवकामही. बेटांवरच्या व्यापारी जंगलतोडीला सर्वोच्च न्यायालयानं 2002 साली लगाम घातला. छोटी डबी किंवा पेन ठेवायचं स्टँड बिलासह आणता येतं. मोठ्या वस्तूच्या मागे लागू नये, त्याला वनखात्याची परवानगी लागते. आणि रोप तर मातीसकट आणूच नये. अंदमानात आफ्रिकन मोठ्या गोगलगायींनी बागांचं अतोनात नुकसान केलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, जपानी अमलाच्या वेळी, त्या तिथे आल्या असं सांगितलं जातं. त्यांची अंडी मातीत असतात. एका कुंडीतून ती आपल्या बागेत यायला वेळ लागत नाही.

वस्तू हलकी म्हणजे पार्सल स्वस्त, असंही समजू नका. विमानातली जागा महाग, म्हणून फुगलेल्या खोक्याचं वजन आकारमानावरून धरतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5,000 नं भागायचं. 40 बाय 30 बाय 30 चा खोका आला 7.2 किलोंवर, मग आत करवंटीचा दिवा का असेना. म्हणून खोका वस्तूएवढाच घ्यावा, आणि दुकानदार देतो तो सुंदर मोठा डबा तिथेच सोडावा.

शेवटी मी मांजरपाट शिवायला घेतला. हल्ली त्याची सक्ती नाही, पुठ्ठ्याचा खोका आणि चिकटपट्टी पुरते. पण दमट हवेत पुठ्ठा मऊ पडतो आणि चिकटपट्टी सुटते. कापड मात्र धरून ठेवतं. दाभणात सुतळी ओवून मी अर्ध्या इंचावर टाके घेतले, प्रत्येक चौथ्या टाक्याला गाठ. एक शिवण उसवली तरी बाकीची टिकते. पत्ता कापडावर पक्क्या शाईनं, पिन कोड ठळक. आणि खोक्याच्या आत, सगळ्यांत वर, दोन्ही पत्ते लिहिलेली एक चिठ्ठी. ही चिठ्ठी घालायला विसरू नका. वरचं लेबल गेलं की पार्सल परतपत्र कार्यालयात जातं आणि तिथले लोक आतल्या वस्तूंवरून मालक शोधायला बसतात. त्यांच्या हाती एक चिठ्ठी लागली की कुणाची तरी आठवण घरी पोहोचते.

पोर्ट ब्लेअरचं नाव 2024च्या सप्टेंबरपासून श्री विजयपुरम झालं, पण पिन 744101 तोच आहे आणि टपालाच्या हिशेबात ही बेटं आजही पश्चिम बंगाल सर्कलमध्येच मोडतात. त्यामुळे पावतीवर ते नाव पाहून गोंधळू नका. पावतीवरचा तेरा अक्षरांचा क्रमांक जपा: आधी दोन अक्षरं, मग नऊ आकडे, शेवटी आयएन. रोज संध्याकाळी त्या क्रमांकावरून पार्सल कुठवर आलं ते मी मोबाइलवर बघत होते, आणि प्रत्येक टप्प्यावर पोतं उघडणारे, शिक्का मारणारे, पुन्हा बांधणारे हात डोळ्यांसमोर येत होते.

आम्ही घरी पोहोचल्यावर बाराव्या दिवशी पोस्टमन आला. कापड मळलं होतं, एका कोपऱ्यावर टाका सुटला होता, पुढच्या गाठीनं तो अडवून धरला होता. डबा उघडला. चादर कोरडी. पहाटेच्या गारव्यानं तेल गोठून पांढरंशुभ्र झालं होतं. खोबरेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली गोठतंच. बाटली अंगणात उन्हाला ठेवली. मिरीचे चार दाणे खलात ठेचले आणि त्या दिवशीच्या आमसुलाच्या सारात घातले. आपल्या मिरीपेक्षा तिखटपणा थोडा उशिरा आला, घशात, आणि बराच वेळ राहिला.

उरलेल्या मिरीच्या मी तीन पुड्या केल्या. एक घरी, एक पुण्याला वन्संना, एक नाशिकला लेकीला. मांजरपाट उसवून, धुऊन, दोरीवर वाळत घातला आणि दाभण पुन्हा काढला.